यात्रेची वर्गणी आणि आपला हिशेब

(ग्रामपंचायतींच्या महिला सदस्य आणि गावोगावच्या महिला भजनी मंडळांतल्या बायका यांच्या एक दिवसाच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सकाळी आपण पाण्यावर बोललो, रेशनवर बोललो, दारूच्या गुत्त्यावर तर तावातावानं बोललो. आता जेवणाआधीचा हा तास माझ्याकडे आला आहे. विषय आहे गावातली कला आणि तिच्यावर खर्च होणारा गावाचा पैसा. फळ्यावरचा विषय वाचून एक सदस्य मघाशीच मला म्हणाल्या, "ताई, आमच्याकडं गटार दुरुस्त करायला पैसा नाही, कलेला कुठनं आणायचा?" प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर दिल्याशिवाय मी खाली बसणार नाही. पण आधी आपण एक हिशेब मांडू.

गावोगाव बायकांच्या बैठकीत मी एक प्रश्न विचारते. तुमच्या गावात कलेवर पैसा खर्च होतो का? उत्तर ठरलेलं असतं. "छे हो, आमच्या गावात कुठली कला!" मग मी विचारते, यात्रा भरते का? भरते. यात्रेला काय काय असतं? मग एकेकीला आठवायला लागतं. तमाशा असतो. तमाशा नसेल तिथे ऑर्केस्ट्रा असतो. बँड, ताशा, मंडप, लायटिंग, आता तर छातीत धडकी भरवणाऱ्या डॉल्बीच्या भिंती. गणपतीत वेगळं, नवरात्रात वेगळं, सप्ताहात कीर्तनकारांची बिदागी वेगळी. हे फळ्यावर लिहीत गेलं की फळा भरून जातो. मग मी विचारते, हा पैसा आला कुठून? "वर्गणीतून." वर्गणी कुणी दिली? थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग मागून कोणीतरी म्हणतं, "आम्हीच की!"

म्हणजे कलेला पैसा नाही, हे खरं नाही. पैसा आहे आणि तो दरवर्षी खर्च होतो. तो कोणत्या कलेवर खर्च होतो, कुणाच्या सोयीच्या वेळी, आणि ते ठरवतं कोण, हे आपण आजवर विचारलेलं नाही. आज मला एवढंच सांगायचं आहे.

हा पैसा तीन पिशव्यांमधून येतो. पहिली पिशवी यात्रेच्या वर्गणीची. दुसरी ग्रामपंचायतीची. तिसरी शासनाची. एकेक उघडून बघू.

पहिली पिशवी. गुढीपाडव्याच्या सुमाराला पुणे जिल्ह्यात नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिटीची माणसं तिथे येतात, फडमालकांशी बोलणी होतात आणि सुपारी ठरते. पुढे चैत्र-वैशाखात रोज एका गावाची यात्रा, रोज एका गावात फड. गावात उंबऱ्यामागे वर्गणी बसवलेली असते. ज्या घरात कमावता पुरुष नाही, एकटी बाई मजुरी करून पोरं सांभाळते, त्या उंबऱ्यालाही ती असते. दिली नाही तर नाव पुकारलं जातं, म्हणून ती उसनवारी करून देते. पण यात्रा कमिटीत बाई बघितलीत का तुम्ही? ज्या गावाची सरपंच बाई आहे, त्या गावाच्या यात्रा कमिटीतही ती नसते. असली तर नारळ फोडायच्या वेळी असते, सुपारी ठरवायच्या वेळी नसते.

मला माझ्या लहानपणची यात्रा आठवते. आमच्या घरी पाव्हण्यारावळ्यांची रीघ. आई पहाटे चारला चुलीपुढे बसायची ती रात्री अकरापर्यंत. जेवणं उरकली की पुरुषमाणसं घोंगडी घेऊन तमाशाला जायची. घरातल्या बायकांनी तिकडे फिरकायचं नाही. लांबून ढोलकी ऐकू यायची. भांडी घासता घासता आईचा हात थांबायचा, ती ऐकत राहायची. मी विचारलं, "आई, तुला बघावंसं वाटतं का गं?" ती म्हणाली, "गप बस. कुणी ऐकलं तर काय म्हणतील." वाटतं असंही ती म्हणाली नाही, वाटत नाही असंही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फडातली एक बाई कडेवर लेकरू घेऊन आमच्या दारात पाणी मागायला आली. रात्रभर नाचून डोळे तांबारलेले, केसांतला गजरा सुकलेला. आणखी थोड्या वेळानं पुन्हा हजेरीला उभं राहायचं होतं. माझ्या आजीनं तांब्या आणला आणि लांब उभं राहून वरून तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. घरात घेतलं नाही, ओसरीवर टेकूही दिलं नाही. आजी वाईट बाई नव्हती. तिला तेच शिकवलेलं होतं. तमाशातल्या बाईची जात आणि तमाशातल्या बाईची अब्रू, या दोन्हींबद्दल.

त्या दिवसाचा अर्थ मला चळवळीत आल्यावर कळला. माझ्या आईनं त्या कलेचे पैसे दिले होते, पण तिला ती बघायची परवानगी नव्हती. त्या बाईनं ती कला सादर केली होती, पण तिला गावात हातानं उचलून पाणी प्यायची परवानगी नव्हती. दोघींना एकमेकींपासून लांब ठेवलं होतं. आणि दोघींच्या मधे बसून हिशेब करणारे सगळे पुरुष होते. एकीला घरंदाज म्हणायचं आणि घरात ठेवायचं, दुसरीला नाचणारी म्हणायचं आणि उघड्यावर ठेवायचं. आपण घरंदाज म्हणवून घेणाऱ्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या यात साथ दिली. हे कबूल केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

विठाबाई नारायणगावकरांचं नाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आलं. एवढ्या मोठ्या कलावतीचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. २००२ साली त्या गेल्या. आज राज्य शासन त्यांच्या नावानं तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार देतं. पुरस्कार द्यावा, चांगलीच गोष्ट आहे. पण ज्या कलेनं त्यांना नाव दिलं, त्या कलेतल्या साध्या बाईला आजही गावात उतरल्यावर संडास कुठे आहे हे विचारावं लागतं.

मागं एका गावात आमच्या संघटनेच्या बायकांनी यात्रेच्या आधी कमिटीकडे दोनच गोष्टी मागितल्या. फडातल्या बायकांसाठी शाळेचे संडास उघडे ठेवा, आणि कपडे बदलायला शाळेची एक खोली द्या, आतून कडी लागणारी. कमिटीवाले हसले. "तुम्हाला कशाला त्यांची काळजी? सुपारी घेतात की त्या." सुपारी फडमालक घेतो, बायकांना रोजानं नाहीतर पगारानं मिळतं, हे त्यांना माहीत होतं. शेवटी एक म्हातारी उठून म्हणाली, "माझी बी वर्गणी हाय. माझ्या वर्गणीतनं खोली उघडा." तिच्या पुढे कुणाला बोलता आलं नाही. खोली उघडली. त्या रात्री आमच्या पंधरा-वीस जणी पहिल्यांदा तमाशाला जाऊन बसल्या, सगळ्या एका बाजूला, डोक्यावरून पदर घेऊन. पण बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकीनं मला सांगितलं, "ताई, मला वाटलं होतं काय घाण असंल. पण ती बाई गात होती तेव्हा मला रडू आलं."

तमाशात सगळं चांगलंच असतं असं माझं म्हणणं नाही. वगात, बतावणीत बाईची टिंगल असते, अंगचटीचे विनोद असतात. आपण ते बघू आणि नापसंतही करू. पण बघितल्याशिवाय, पैसे देऊन गप्प बसून, नापसंती कशी दाखवणार? प्रेक्षकांत बायका बसायला लागल्या की रंगमंचावरची भाषाही बदलायला लागते, हा आमच्या पथनाट्यांचा अनुभव आहे.

२०२० आणि २०२१ साली करोनामुळे यात्रा बंद राहिल्या. फडांचे दोन हंगाम गेले. ज्यांचं वर्षाचं पोट त्या काही महिन्यांवर चालतं, त्यांनी काय केलं असेल? कुणी खुरपायला गेलं, कुणी सावकाराकडे गेलं. यात्रा पुन्हा भरल्या तेव्हा पुष्कळ गावांनी फडाऐवजी डॉल्बी आणला. वर्गणी तेवढीच राहिली. माणसांच्या पोटात जाणारा पैसा यंत्राच्या भाड्यात गेला. हा निर्णय गावानं घेतला असं म्हणतात. गावानं म्हणजे कुणी? तुम्हाला विचारलं होतं का?

आता दुसरी पिशवी, ग्रामपंचायतीची. इथे तुम्ही पाव्हण्या नाही, मालकिणी आहात. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली आणि एक तृतीयांश जागा आपल्याला मिळाल्या. २०११ पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. या घटनादुरुस्तीनं घटनेला अकरावी अनुसूची जोडली. पंचायतींकडे सोपवता येतील अशा २९ विषयांची ती यादी आहे. त्यात २१ वा विषय आहे सांस्कृतिक कार्य. २० वा वाचनालयं, २२ वा बाजार आणि यात्रा. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीतही सांस्कृतिक कामाचा उल्लेख आहे. आपल्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याला जोडलेल्या कामांच्या यादीतही वाचनालयं आहेत, आखाडे आहेत, करमणुकीच्या जागा आहेत, कला आणि संस्कृतीसाठी रंगमंदिरं आहेत. तेव्हा ग्रामसेवक म्हणाले की "असलं काही आपल्याकडं बसत नाही", तर त्यांना ही यादी दाखवायला सांगा. बसतं.

प्रत्यक्षात काय होतं? गावात संस्कृतीच्या नावानं एकच गोष्ट दिसते. सभामंडप. कधी पंचायतीचा, कधी आमदारनिधीचा. त्यावर देणाऱ्याच्या नावाची पाटी असते. बांधकाम झालं की कुलूप लागतं आणि किल्ली कुणाच्या तरी घरी जाते. सिमेंटला पैसा मिळतो, त्या सिमेंटच्या आत कोण गाणार, कोण नाचणार, पेटी कोण दुरुस्त करणार, याला मिळत नाही. कारण सिमेंटमध्ये ठेकेदार असतो आणि गाण्यात नसतो.

आणि बायकांचं काय? पंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करावे लागतात. बऱ्याच ठिकाणी ते शिवणयंत्रात जातात, नाहीतर पापड-मसाल्याच्या प्रशिक्षणात. कधी कधी बायकांच्या नावावर खुर्च्या येतात आणि त्यांवर पुरुष बसतात. आता एक गोष्ट नीट ऐका, कारण इथे आपली फसगत होते. भजनी मंडळानं मृदंग मागितला, पोरींनी नाटक बसवायला जागा मागितली, की लगेच सांगतात, "तुमच्या १० टक्क्यांतून घ्या." हे मान्य करू नका. कुस्त्यांचा आखाडा हा गावाचा खर्च, व्यायामशाळा हा गावाचा खर्च, मग बायकांचं गाणं तेवढा बायकांचा खर्च कसा? १० टक्के हे आपल्याला कमीत कमी मिळायचे आहेत. ती आपल्याभोवती मारलेली रेघ नाही. उरलेल्या ९० टक्क्यांतही आपण गावच आहोत.

एका गावाची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, त्यातल्या दोघी इथे बसल्या आहेत. चौदा जणींचं भजनी मंडळ. सरावाला जागा नाही. कुणाच्या घरी बसावं तर सासरा कुरकुरतो, देवळात बसावं तर महिन्यातल्या चार दिवसांचा प्रश्न. समाजमंदिर रिकामं, पण किल्ली एका पुढाऱ्याकडे, आत त्याची खताची पोती. सहा महिने या बायका किल्ली मागत राहिल्या. मग आम्ही म्हटलं, त्यांच्याकडे मागणं बंद करा. नियमित ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे. एरवी ती कागदावर होते, अंगठे नंतर गोळा करतात. यांनी ती खरोखर घ्यायला लावली. ठराव मांडला. समाजमंदिर सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सात ते नऊ बायकांसाठी उघडं राहील, दिवा चालू राहील, किल्ली ग्रामपंचायत कार्यालयात राहील. पेटीच्या दुरुस्तीसाठी पैसे मंजूर व्हावेत. ग्रामसभेत मोठा दंगा झाला. "रात्री नऊपर्यंत बायका बाहेर?" तेव्हा त्यातलीच एक म्हणाली, "उसाला पाणी द्यायला रात्री दोनला पाठवता, तेव्हा नाही आठवत?" ठराव झाला.

याचा शेवट गोड आहे असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. दोन वर्षं ते चाललं. पुढे निवडणूक झाली, माणसं बदलली आणि किल्ली पुन्हा घरी गेली. ठराव वहीत होता, पण वही कुणी उघडली नाही. आता त्या बायका पुन्हा भांडताहेत. यावेळी त्यांची मागणी आहे की हा खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून दाखवा. कारण ठराव विसरता येतो, पण अंदाजपत्रकातली ओळ खोडायची तर सगळ्यांसमोर खोडावी लागते. ही अक्कल त्यांना किल्ली गमावून आली. तुम्हाला ती फुकट मिळते आहे, घेऊन जा.

इथे आपल्याला आपल्याच एका अडचणीबद्दल बोललं पाहिजे. गावाचा पैसा घेतला, तर गावाच्या पुढाऱ्यांविरुद्ध बोलता येईल का? १९८३ साली 'मुलगी झाली हो' रंगमंचावर आलं. त्यानंतर गावोगावच्या कार्यकर्त्यांना वाटलं की आपणही नाटक करावं. चौकात, वाड्यात, शेतमजुरांच्या वस्तीत नाटकं झाली. खांद्यावर डफ, पिशवीत भाकरी. पैसा नव्हता, पण कुणाला विचारावंही लागत नव्हतं. पुढे शासनाच्या मोहिमा आल्या. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. अशा मोहिमांच्या प्रचारासाठी कलापथकांना कामं मिळायला लागली. पोटापाण्याची सोय झाली, हे चांगलंच झालं. पण संहिता वरून येते. हात धुवा, संडास बांधा, मुलगी वाचवा. सगळं बरोबर, पण संडास बांधल्यावर त्यात पाणी कोण भरणार, हा संवाद त्यात नसतो. कलावंत हळूहळू भोंगा होतो.

आमच्या पथकाला एका ग्रामपंचायतीनं कार्यक्रमासाठी बोलावलं होतं. नाटक दारूवर होतं. सकाळी निरोप आला, तो गुत्त्याचा प्रसंग तेवढा गाळा, वाद नको. आमच्यात रात्रभर चर्चा झाली. एक गट म्हणाला, गाळू, निदान बाकीचं तरी बायका बघतील. दुसरा म्हणाला, गाळलं तर करायचंच कशाला. शेवटी आम्ही मानधन नाकारलं आणि मागच्या आळीत एका अंगणात, कंदिलाच्या उजेडात प्रयोग केला. बायका आल्या, पण निम्म्याच. मंडप, उजेड आणि ध्वनिक्षेपक पंचायतीच्या पटांगणावर होते. तत्त्व राखलं, पण ज्या निम्म्या आल्या नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न अजून माझ्या डोक्यात आहे.

त्यातून आम्ही एक शिकलो. पंचायतीकडे कार्यक्रमाची सुपारी मागायची नाही. जागा, वेळ आणि सोयी मागायच्या. पटांगण, उजेड, बसायला सतरंज्या, संडास, परत जायला गाडी, आणि तालमीच्या वेळी लहान मुलं सांभाळायला अंगणवाडीची खोली. हे गावातल्या प्रत्येक मंडळाला सारख्याच नियमानं मिळालं पाहिजे. भजनाला मिळतं तसं नाटकाला, पोरांना मिळतं तसं पोरींना, मधल्या आळीला मिळतं तसं दलित वस्तीला. नियम एकदा लिहिला की कुणाचा विषय आवडला नाही म्हणून उजेड बंद करता येत नाही. जागा गावाची, विषय आपला.

तिसरी पिशवी शासनाची. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना दरमहा मानधन देण्याची महाराष्ट्र शासनाची योजना १९५४-५५ पासूनची आहे. आज तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे आणि २०२४ पासून मानधन महिना ५,००० रुपये केलेलं आहे. त्यासाठी अर्ज करावा लागतो. यात शाहीर आहेत, भजनकरी आहेत, गोंधळी, वाघ्या-मुरळी, तमाशा कलावंत आहेत. मग आपल्या गावातल्या किती म्हाताऱ्या बायकांना ते मिळतं?

अडतं ते पुराव्यावर. इतकी वर्षं कला केली याचा कागद दाखवा म्हणतात. वर्तमानपत्राचं कात्रण, कार्यक्रमाची पत्रिका, प्रमाणपत्र, आकाशवाणीचं पत्र. पुरुष शाहिराकडे निदान फोटो असतो, हार घातलेला. तमाशाच्या जाहिरातीवर मोठं नाव फडमालकाचं, बाईचं असलंच तर नुसतं पहिलं नाव. पन्नास वर्षं लग्नाघरी, बारशाला, जात्यावर गाणाऱ्या बाईकडे कुठला कागद? गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्याबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. नाव लिहिलं, हे मला फार मोठं वाटतं. नाहीतर आपल्या गाण्याला 'लोकगीत' म्हणतात, म्हणजे ते कुणाचंच नसतं.

हे काम पंचायत करू शकते आणि त्याला जवळजवळ काही खर्च येत नाही. एक नोंदवही घाला. गावातल्या गाणाऱ्या, नाचणाऱ्या, वाजवणाऱ्या, रांगोळी काढणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या सगळ्यांची नावं, कला, किती वर्षांपासून करतात ते लिहा. प्रत्येक कार्यक्रमाची पत्रिका त्यात चिकटवा, फोटोमागे तारीख टाका, वर्षातून एकदा ग्रामसभेत ती वही वाचून मंजूर करून घ्या. उद्या एखादी म्हातारी मानधनाला अर्ज करेल तेव्हा तिच्या हातात गावाचा कागद असेल. तो सगळीकडे पुरेल असं मी म्हणत नाही, पण मोकळ्या हातानं जाण्यापेक्षा बरा.

आता सुरुवातीचा प्रश्न. गटाराला पैसा नाही, कलेला कुठून? पहिली गोष्ट, पाणी आणि स्वच्छतेला वेगळा राखलेला पैसा असतो. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग त्याच कामांना बांधून दिला होता. त्याला हात लावा असं मी म्हणत नाही. जिथे टँकर येतो तिथे आधी पाणीच मागा. पण हेही बघा, की ज्या बाईचे रोजचे तीन तास पाण्यात जातात, ती भजनाला येतच नाही. पाण्याला लागणारा वेळ तिच्या गाण्यातून वजा होतो. म्हणून पाण्याची लढाई आणि ही लढाई एकमेकींच्या विरुद्ध नाहीत.

दुसरी गोष्ट, मी नवा पैसा मागायला सांगतच नाही. जो खर्च होतोच आहे त्याचा हिशेब मागायला सांगते. डॉल्बीच्या एका रात्रीचं भाडं किती, ते तुमच्या गावात विचारा. त्यात किती पेट्या दुरुस्त होतील, ते तुम्हीच मांडा.

तिसरी गोष्ट जरा मनातली. आपण बायका मागायला उभ्या राहतो तेव्हा नेहमी पोरांसाठी, घरासाठी, पाण्यासाठी मागतो. स्वतःच्या आनंदासाठी काही मागायचं म्हटलं की जीभ अडखळते. माझी आई भांडी घासताना थांबून ढोलकी ऐकायची, पण ऐकावंसं वाटतं असं म्हणाली नाही. आपल्यापैकी किती जणींनी लग्नानंतर गाणं सोडलं? हात वर करा. बघा किती हात आहेत! यात आपल्या सरपंचताईंचाही आहे. हा प्रश्न किरकोळ म्हणून आपण बाजूला ठेवत आलो. मारहाण, हुंडा, टाकलेल्या बायका, हे प्रश्न मोठे आहेतच. पण मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्यात तोंड उघडते, त्याच्या आधी पुष्कळदा तिनं कुठल्या तरी फेरात, कुठल्या तरी भजनात चार जणींसमोर तोंड उघडलेलं असतं. आमच्या संघटनेच्या कितीतरी कार्यकर्त्या अशाच आल्या.

तेव्हा गावी गेल्यावर काय करायचं ते सांगते आणि थांबते. एक, यात्रेच्या आधी कमिटीकडे गेल्या वर्षीचा जमाखर्च मागा. देवस्थान नोंदलेलं असेल तर १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली त्यांना हिशेब ठेवावाच लागतो. दोन, कमिटीत निम्म्या बायका घ्या अशी मागणी ग्रामसभेत मांडा आणि फडातल्या बायकांसाठी पाणी, संडास, खोली यांची जबाबदारी कमिटीवर टाका. तीन, पंचायतीच्या अंदाजपत्रकात सांस्कृतिक कामासाठी किती ठेवलं आणि किती खर्चलं ते विचारा. सांगितलं नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे, साध्या कागदावर अर्ज करता येतो. नवं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, म्हणून मागणी थंडीतच करा, उन्हाळ्यात जागं होऊन उपयोग नाही. चार, समाजमंदिराची किल्ली कुणाकडे आहे ते शोधा. पाच, नोंदवही घाला. तिच्यात पहिलं नाव गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या गाणाऱ्या बाईचं लिहा, आणि तमाशात काम केलेली एखादी बाई तुमच्या गावात राहत असेल तर दुसरं तिचं. तिच्या घरी जाऊन, ओसरीवर बसून, तिच्या हातचं पाणी पिऊन लिहा.

जेवणानंतर आपण गावाप्रमाणे गट करणार आहोत. प्रत्येक गटाला एक मोठा कागद मिळेल. त्यावर तुमच्या गावात गेल्या वर्षी यात्रा, गणपती, सप्ताह, सभामंडप यांवर झालेला खर्च आठवेल तसा लिहायचा. आकडा माहीत नसेल तिथे कुणाला विचारायचं त्या माणसाचं नाव लिहायचं. आणि भजनी मंडळाच्या बायकांनी पेटी आणली आहे असं दिसतंय. तेव्हा कागद भरून झाल्यावर ती उघडा.

एवढं बोलून थांबते.